पाचशे किलोमीटर जायचंय: रेल्वे, विमान, बस की कार?

समजा उद्या दुपारी पाचशे किलोमीटरवरच्या एका शहरात काम आहे. मोबाइलवर शोधलं तर चार उत्तरं समोर येतात: विमान सव्वा तास, रेल्वे साडेचार तास, कार सात तास, बस नऊ तास. निकाल लागल्यातच जमा वाटतो. पण या चारांपैकी दारापासून दारापर्यंतचा हिशेब फक्त कारच्या आकड्यात आहे. बाकी तिन्ही आकडे मधल्या एकाच टप्प्याचे आहेत, आणि विमानाचा आकडा तर त्याच्या एकूण प्रवासाच्या जेमतेम पाव हिश्शाचा.

विमानाचा तो सव्वा तास उलगडून बघा. घरापासून विमानतळ पाऊण तास. उड्डाणाच्या दीड तास आधी हजर. तो दीड तासही सलग हाती येत नाही. सामान देण्याची रांग, मग तपासणीची रांग, लॅपटॉप बाहेर काढा, कमरेचा पट्टा काढा, पुन्हा घाला, मग गेटपर्यंतची चाल, मग विमानात शिरण्याची रांग. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी अर्धा तास आणि तिथून शहरात शिरायला पुन्हा पाऊण तास. बेरीज पावणेपाच तास. रेल्वेचं बघायचं तर स्थानकापर्यंत अर्धा तास, गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी फलाटावर, साडेचार तास गाडीत, उतरल्यावर वीस मिनिटांत मुक्कामी. बेरीज पाच तास चाळीस मिनिटं. सव्वातीन तासांचा वाटलेला फरक तासाभरावर आला.

तो तासही फसवा आहे. विमानाच्या पावणेपाच तासांतला सगळ्यांत मोठा सलग तुकडा म्हणजे आसनपट्ट्याचा दिवा विझल्यापासून पुन्हा पेटेपर्यंतचा पाऊण तास. रेल्वेत साडेचार तासांचा एकच अखंड तुकडा मिळतो. त्यात अहवाल लिहून होतो, अर्धं पुस्तक वाचून होतं, नाहीतर छान झोप होते. मला या विषयात सांगायचं आहे ते एवढंच: प्रवासाचे तास मोजण्याआधी त्याचे तुकडे किती होतात ते मोजा. बरेचसे निर्णय तिथेच सुटतात.

(मराठीत ‘गाडी’ म्हटलं की आगगाडीही आली, एसटीसारखी बसही आली आणि दारातली कारही आली. घोळ नको म्हणून पुढे ‘गाडी’ म्हणजे रुळावरचीच समजा.)

तीन तासांची रेषा

रेल्वे आणि विमान यांच्या चढाओढीबद्दल एक ढोबळ नियम सांगितला जातो. गाडीचा प्रवास तीन तासांच्या आत असेल तर बहुतेक लोक गाडी धरतात. साडेचार-पाच तासांच्या पुढे गेला की पारडं विमानाकडे झुकतं. खरी झुंज मधल्या दीड-दोन तासांत.

याची जुनी साक्ष जपानमध्ये आहे. टोकियो ते ओसाका 515 किलोमीटरचा वेगवान मार्ग 1964 साली सुरू झाला तेव्हा त्यावर चार तास लागत. आज सर्वांत जलद गाडी अडीच तासांच्या आत पोचते. फ्रान्समध्ये 1981 साली पॅरिस-लियाँ वेगवान मार्गाचा पहिला भाग उघडला आणि पुढे हा प्रवास दोन तासांवर आला. स्पेनचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. माद्रिद-बार्सिलोना हा एके काळी जगातल्या अतिशय गजबजलेल्या विमानमार्गांपैकी एक होता. 2008 साली या दोन शहरांमध्ये अडीच तासांत पोचवणारी गाडी धावू लागली आणि काही वर्षांत बहुसंख्य प्रवासी आकाशातून रुळावर उतरले.

पण वेगवान गाडी आहे म्हणजे काम झालं असं नाही. शांघायच्या विमानतळावरून निघणारी चुंबकीय गाडी ताशी 430 किलोमीटर वेग गाठण्यासाठी बांधली गेली आणि 30 किलोमीटरचं अंतर सात-आठ मिनिटांत कापण्याबद्दल गाजली. ती सोडते मात्र शहराच्या मध्यभागापासून दूर, एका मेट्रो स्थानकाशी. तिथून पुढे सामान घेऊन मेट्रोत चढा. सात मिनिटांचं कौतुक जिन्यावरच संपतं. लंडन-पॅरिस गाडीचं वेगळं. समुद्राखालच्या बोगद्यातून ती सव्वादोन तासांत पोचवते, पण पासपोर्ट आणि सामानाची तपासणी आधी होत असल्यामुळे स्थानकावर बरंच लवकर जावं लागतं. रुळावर धावणारं विमानच ते. तरी शहराच्या पोटातून निघून शहराच्या पोटात उतरते, म्हणून जिंकते.

फ्रान्सने 2023 साली, अडीच तासांच्या आत गाडीने जाता येतं तिथली देशांतर्गत विमानसेवा बंद करण्याचा नियम अमलात आणला. गाजावाजा जगभर झाला. लागू पडला तीन मार्गांना: पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून लियाँ, नांत आणि बोर्दो. पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठीची उड्डाणं त्यातूनही वगळली. ‘विमानं बंद करा, लोक आपोआप गाडीने जातील’ असं म्हणणाऱ्यांनी आणि ‘आता आमची विमानं जाणार’ म्हणून घाबरलेल्यांनी, दोघांनीही हा आकडा लक्षात ठेवावा.

या रेषेचा संबंध अंतराशी फारसा नाही. बीजिंग-शांघाय हे 1,318 किलोमीटर आहे, आणि तिथल्या जलद गाड्या साडेचार तासांच्या आसपास पोचतात. म्हणजे इतक्या अंतरावरही रेल्वे झुंजीत राहते. उलट शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंत जाणारी अमेरिकन गाडी सुमारे 3,900 किलोमीटरसाठी दोन दिवसांहून जास्त वेळ घेते. मॉस्को ते व्लादिवोस्तोक 9,289 किलोमीटर आहे आणि जवळजवळ आठवडा जातो. या गाड्यांची तुलना विमानाशी करण्यात अर्थ नाही. तिथे डबा हाच मुक्काम असतो, पोचणं हा शेवटचा उपचार. ज्याला ते हवंय त्याने हा लेख इथेच सोडून तिकीट काढावं.

गाडी बदलायची असेल तर

रेल्वेचा तो अखंड तुकडा मोडतो कुठे? जंक्शनवर. थेट गाडी आणि एकदा बदलून जाणारी गाडी यांत वेळापत्रकावर चाळीस मिनिटांचा फरक दिसतो, पण अंगावर येतो तो दुप्पट. सामान काढा, फलाट शोधा, पूल चढा, पुन्हा जागा शोधा. झोप लागली असेल तर मोडते. काम चालू असेल तर तंद्री तुटते. त्याआधीची वीस मिनिटंही ‘आता उतरायचंय’ या घाईत जातात. म्हणून तासाभराने जास्त घेणारी थेट गाडी मला नेहमी बरी वाटते.

गाडी बदलणं सुसह्य करता येतं, हे स्वित्झर्लंडने दाखवलं. 1982 साली त्यांनी ठरावीक अंतराने सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक देशभर लावलं. पुढे 2004 च्या डिसेंबरात मोठा फेरबदल झाला तेव्हा बर्न-झ्युरिच प्रवास 56 मिनिटांवर आणला. पन्नासच्या खाली न्यायचा आटापिटा केला नाही, कारण तासाच्या आत आला एवढं पुरे होतं. तासाच्या ठोक्याआधी मोठ्या जंक्शनवर चारी दिशांच्या गाड्या येऊन थांबतात, ठोका पडला की पुन्हा चारी दिशांना निघतात. मधल्या काही मिनिटांत प्रवासी समोरच्या फलाटावर जातो. गाड्यांचा वेग हवा तेवढाच, बाकी सगळी हुशारी गाडी बदलण्यात. प्रवाशांचे तुकडे मोजून रेल्वे बांधली तर ती अशी होते.

जिथे वेळापत्रक असं गुंफलेलं नाही तिथे एक गोष्ट जरूर बघा: दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत का? मी एकदा थोडे पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली. पहिली गाडी पस्तीस मिनिटं उशिरा आली आणि दुसरी माझ्या डोळ्यांदेखत गेली. खिडकीवर उत्तर मिळालं की पहिल्या तिकिटाशी आमचा संबंध नाही. तसा तो नव्हताच. एकाच तिकिटावर असतो तर पुढची गाडी देणं बहुधा त्यांच्यावर आलं असतं. विमानालाही हेच लागू. वेगवेगळ्या कंपन्यांची स्वस्त तिकिटं स्वतः जोडून घेतली, तर मधला धोकाही स्वतःचाच.

रात्र कुठे घालवायची

तुलनेची खरी गंमत रात्रीत आहे. रात्री अकराला चढून सकाळी सातला उतरवणारी झोपायची गाडी आठ तास घेते, पण त्या आठ तासांत तुम्ही एरवीही झोपलाच असता. दिवसातून वजा झालेला वेळ शून्य, शिवाय हॉटेलातली एक रात्र वाचते. सकाळी सहाच्या विमानाचं गणित याच्या उलटं. सहाचं विमान म्हणजे साडेचारला विमानतळ, म्हणजे पावणेचारला घर सोडायचं, म्हणजे तीनचा गजर, आणि गजर वाजेल की नाही या धास्तीने दीडला आलेली जाग. पोचता साडेआठला, पण दुपारच्या कामात डोळे मिटत असतात. विमानाने तास वाचवले आणि रात्रीचे तुकडे केले.

झोपायची गाडी सगळ्यांना मानवत नाही, हेही खरं. झोप सावध असेल तर प्रत्येक स्थानकावर जाग येते. वयस्कर माणसाला वरचा बर्थ मिळाला तर रात्र शिडीकडे बघण्यात जाते. सकाळी सातला उतरल्यावर अंघोळीची सोय नसेल आणि खोली दुपारीच मिळणार असेल, तर मधले तास सामानासह रस्त्यावर. तेव्हा खालचा बर्थ आणि सकाळची सोय, या दोन्ही गोष्टी तिकीट काढतानाच बघाव्यात. युरोपात अशा गाड्या एकामागून एक बंद होत होत्या. 2016 च्या अखेरीस जर्मन रेल्वेने आपल्या बंद केल्या, पण ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यांचे डबे विकत घेऊन काही मार्ग पुढे चालवले. गिऱ्हाईक होतं, चालवणारा हवा होता.

रात्रीच्या बसबद्दल थोडक्यात. आडवं झोपायची बस असेल आणि रस्ता सरळ असेल तर निभावतं. घाटरस्ता असेल तर शरीर रात्रभर कठडा धरून असतं. बसायच्या आसनावर काढलेली रात्र मी झोपेत धरत नाही.

रात्री स्वतः कार चालवायची असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: नको. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात आढळलं. अनेक देशांत त्या पातळीला कार चालवणं गुन्हा आहे. सकाळी सहाला उठलेला, दिवसभर काम करून रात्री अकराला स्टिअरिंगवर बसणारा माणूस प्यायलेला नसतो, पण हात-डोळ्यांचं तसंच होतं. ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मोकळ्या रस्त्यावरच डुलकी लागते.

कार कधी जिंकते

इतकं ऐकल्यावर मी कारच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. चौघं जण असतील, सोबत लहान मूल किंवा जड सामान असेल, आणि जायचं ठिकाण स्थानकापासून लांब, दोन-तीन बस बदलून पोचण्यासारखं असेल, तर कारला तोड नाही. तुकड्यांच्या मोजणीतही ती पहिली येते: दारात बसा, दारात उतरा. वाटेत मुलाला पोटात ढवळलं तर थांबता येतं. गाडी कुणासाठी थांबत नाही.

अडचण एकच. कारचा अखंड तुकडा तुमचा नसतो, रस्त्याचा असतो. चालवणाऱ्याला सात तासांत ना वाचता येतं, ना झोपता येतं, ना फोनवर धड बोलता येतं. शेजारी बसलेल्यालाही तो जागा राहावा म्हणून जागं राहावं लागतं. म्हणून कारचे तास मोजताना चालवणाऱ्याचे तास कामात धरा, प्रवासात नाही. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबण्याचा सल्ला ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत आहे. तो पाळला तर सातचे पावणेआठ होतात. न पाळणारे तो वेळ वाचवला असं समजतात.

खर्चाच्या बाबतीत कार सगळ्यांत जास्त फसवते. इंधन आणि टोल एवढाच हिशेब डोक्यात असतो. टायरची झीज, विमा, दुरुस्ती, दर वर्षी उतरत जाणारी किंमत आणि पोचल्यावरचं पार्किंग हे वेगळ्या खिशातून जातं म्हणून दिसत नाही. विमानाचं तिकीट निदान उघडपणे फसवतं: मूळ दर एक, मग सामानाचा वेगळा, आसनाचा वेगळा. रेल्वेही आता बऱ्याच देशांत मागणीनुसार दर चढवते, म्हणून लवकर काढलेलं तिकीट आणि ऐनवेळचं तिकीट यांची तुलना करू नका. तिन्हींचे दर एकाच दिवशी, एकाच वेळेसाठी बघा. शेवटी माणसांच्या संख्येने भागा. एकट्याला कार महाग पडते. चौघांत चित्र बऱ्याचदा पालटतं.

पोचल्यावर फिरायला काय आहे, हाही कारचाच प्रश्न आहे. जुन्या दाट शहरात कार गळ्यात पडते. जागा शोधत फिरायचं आणि सापडली की तिथून हलायचं नाही. विरळ, डोंगराळ भागात मात्र स्थानकावर उतरणं म्हणजे अर्ध्यावर उतरणं. नेदरलँड्समध्ये हा शेवटचा टप्पा सायकलने भरून काढला आहे. गाडीने जाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक घरून स्थानकापर्यंत सायकलने येतात. उट्रेख्त स्थानकाखालच्या वाहनतळात 12,500 सायकली मावतात.

शरीराचं काय

विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, आणि हवेतला ओलावा बऱ्याचदा 20 टक्क्यांच्या खाली जातो. घसा कोरडा पडतो, डोकं जड होतं, कान दुखतात. सर्दी झालेली असेल तर उतरताना जीव नकोसा होतो. तासाभराच्या उड्डाणात निरोगी माणसाला हे चालून जातं. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारावं.

गाडीत मुख्य फायदा उठून चालता येण्याचा. पाय आखडले तर डब्यातून फेरी मारा. स्वच्छतागृहासाठी कुणाची परवानगी लागत नाही, दिवा विझण्याची वाट बघावी लागत नाही. ते किती स्वच्छ असेल याची हमी मी देत नाही. ज्यांना गाडी लागते, म्हणजे पोटात ढवळतं, त्यांनी गाडी जाते त्या दिशेला तोंड करून, डब्याच्या मधल्या भागात बसावं आणि फोनमध्ये डोकं घालू नये. बसमध्ये हाच सल्ला: पुढच्या बाजूला बसा, रस्त्याकडे बघा. लहान मुलांना मोकळं व्हायला गाडीइतकी जागा कुठेच मिळत नाही. आसपासच्या प्रवाशांना ते आवडतं की नाही, हा भाग वेगळा.

भीती आणि आकडे

विमानाची भीती वाटते म्हणून कारने जाणारे लोक मला माहीत आहेत. अमेरिकेतल्या 2000 ते 2009 या दशकाचा हिशेब असा: एक अब्ज प्रवासी-मैलांमागे कारमध्ये सुमारे 7.3 मृत्यू, रेल्वेत 0.43, बसमध्ये 0.11 आणि प्रवासी विमानांत 0.07. मोटारसायकलचा आकडा 200 च्या पुढे. देश बदलला की आकडे बदलतात, पण कार आणि बाकीच्यांमधली ती दरी सहसा बुजत नाही. जगभरात रस्त्यांवर वर्षाला सुमारे 11 लाख 90 हजार माणसं जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसऱ्या टोकाला जपानची ती 1964 पासूनची वेगवान गाडी: रुळावरून घसरून किंवा टक्कर होऊन तिच्यात आजवर एकही प्रवासी दगावलेला नाही.

बसचा आकडा पुन्हा एकदा बघा. लोक बसला गरिबाची सोय समजतात आणि ती सुरक्षिततेत रेल्वेच्याही पुढे निघते. चांगल्या रस्त्यावर, नियम पाळणाऱ्या चालकासह. युरोपीय संघात बसचालकाला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबणं सक्तीचं आहे आणि दिवसाला सहसा नऊ तासांची मर्यादा आहे. तिकीट काढताना लांबच्या प्रवासाला दोन चालक आहेत का, हे विचारायला लाजू नये.

धूर

पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं तेव्हा होणारा विरोध रबरी टायरच्या तुलनेत साधारण दहावा हिस्सा असतो. त्यात गाडी लांब आणि अरुंद, म्हणजे शेकडो माणसांसाठी हवा एकदाच कापायची. रेल्वेची काटकसर या दोन गोष्टींत आहे. आणि तिची अडचणही यातच. ज्या गुळगुळीतपणामुळे ऊर्जा वाचते, त्याच गुळगुळीतपणामुळे चढ चढवत नाही आणि थांबायला अंतर लागतं. ताशी 300 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला थांबायला तीन किलोमीटरहून जास्त जागा हवी. म्हणून बोगदे खणावे लागतात, वळणं मोठी ठेवावी लागतात आणि स्थानकं मोजकी. तुमच्या गावाजवळून गाडी जाते पण थांबत नाही, यामागे बऱ्याचदा राजकारणाइतकंच हे चाकही असतं.

ब्रिटनचं सरकार दर वर्षी उत्सर्जनाचे सरासरी आकडे देतं. अलीकडच्या वर्षांत एका प्रवाशामागे किलोमीटरला गाडीचे सुमारे 35 ग्रॅम, लांब पल्ल्याच्या बसचे 30 ग्रॅमच्याही खाली, देशांतर्गत विमानाचे उंचीवरचे परिणाम धरून सव्वादोनशे ते पावणेतीनशे ग्रॅम. पेट्रोल कारचे साधारण 170, पण हा आकडा कारमागे आहे, माणसामागे नाही. एकटे गेलात तर 170, चौघं गेलात तर 42. भरलेली कार रेल्वेच्या जवळ येते आणि बस दोघांनाही मागे टाकते. वीज जलविद्युत किंवा अणुऊर्जेची असेल तर रेल्वेचा आकडा आणखी खाली जातो. डिझेल इंजिनामागे अर्धे रिकामे डबे धावत असतील तर वर. ‘रेल्वे म्हणजे हिरवी’ असं डोळे झाकून म्हणण्याआधी इंजिन कशावर चालतं ते बघा.

रेल्वे जिथे हरते

वेळेवर येणं ही रेल्वेची अंगभूत गुणवत्ता नाही, ती कमवावी लागते. 2024 साली जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर उशिरात धरत नाहीत. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये त्याच वर्षी 93 टक्के प्रवासी वेळेवर पोचले, तेही तीन मिनिटांची कडक कसोटी लावून. दोन्हीकडे तेच रूळ, तीच चाकं. अमेरिकेत बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या मालगाड्यांच्या कंपन्यांच्या रुळांवरून धावतात. प्रवासी गाडीला आधी वाट द्यावी असा कायदा आहे, तरी मालगाडी पुढे आणि प्रवासी मागे असं वरचेवर होतं.

म्हणून सरासरीपेक्षा मी दुसरा प्रश्न विचारतो: ही चुकली तर पुढची कधी? तासाला एक गाडी असेल तर उशीर म्हणजे फार तर एक तास. दिवसाला एकच असेल तर तो उशीर नाही, ते संकट आहे. विमानाचंही तसंच. धुक्याने एक उड्डाण रद्द झालं की त्यातले दीडशे जण पुढच्या विमानांत उरलेल्या चार-चार जागांसाठी रांग लावतात. परीक्षा, मुलाखत, कोर्टाची तारीख असं टळू न शकणारं काम असेल तर जे साधन दिवसातून जास्त वेळा सुटतं ते धरा, मग ते हळू का असेना. आणि आदल्या दिवशी जा.

मी स्वतः कसं ठरवतो ते सांगतो. आधी पोचायच्या ठिकाणाकडून उलट मोजतो: स्थानकापासून किंवा विमानतळापासून पुढे काय आहे? तिथेच घोडं अडत असेल तर कार, किंवा स्थानकापर्यंत गाडी आणि तिथे भाड्याची कार. मग थेट गाडी आहे का ते बघतो. पाच तासांच्या आत थेट गाडी असेल तर पुढे शोधत नाही. रात्रीची सोयीची गाडी असेल तर आठ-दहा तासही चालतात. दोनदा बदलायची वेळ आली तर विमान बघतो, तेही थेट असेल तरच. बस मी तिकिटं संपल्यावर बघत असे. आता दोनशे किलोमीटरच्या आत ती आधी बघतो, कारण ती शहरात चार ठिकाणी थांबते आणि त्यातलं एक हमखास माझ्या कामाच्या जवळचं असतं.

आणि येणं-जाणं एकाच साधनाने व्हायला हवं असं कुणी सांगितलेलं नाही. जाताना काम आहे, ताजंतवानं पोचायचंय, तर रात्रीच्या गाडीने जा. येताना काम संपलंय, घर गाठायचंय, तर विमान. अमेरिकेत तर कार आणि रेल्वे यांतलं एक निवडायचंच नाही असं ठरवलेल्यांसाठी एक गाडी आहे. व्हर्जिनियातल्या लॉर्टनहून फ्लोरिडातल्या सॅनफर्डपर्यंत, सुमारे 1,375 किलोमीटर. दुपारी आपली कार घेऊन स्थानकावर जायचं, किल्ली कर्मचाऱ्यांच्या हाती द्यायची. ते ती बंद डब्यात चढवतात. तुम्ही पुढच्या डब्यात झोपता. सकाळी उतरल्यावर आपल्या कारचा नंबर पुकारला जाण्याची वाट बघत उभं राहायचं.